'पक्कं घर' म्हणजे नक्की काय? बुकोबाच्या पडलेल्या भिंती बघितलेल्या माणसाचं पत्र

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

किल्लारीच्या भूकंपावर तुम्ही दरवर्षी ३० सप्टेंबरला पान काढता, ते मी नेमाने वाचतो, परदेशात असलो तर मोबाईलवर वाचतो. यंदा सुट्टीवर गावी आलोय म्हणून कागदावर वाचलं. लेख चांगलाच होता. पण दोन दिवसांनी तुमच्याच पत्रव्यवहारात एका वाचकाचं पत्र आलं, त्यात एक वाक्य होतं की आता गावोगावी पक्की घरं झाली आहेत त्यामुळे १९९३ सारखं काही परत होणार नाही. त्या वाक्यापाशी मी अडलो. त्या भल्या माणसावर माझा राग अजिबात नाही, आमच्या घरात पण सगळे असंच बोलतात. पण मी 'पक्की' घरं पडलेली बघितली आहेत, लातूरला नाही, तिकडे आफ्रिकेत, टांझानियात, बुकोबा नावाच्या गावात, आणि ते सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही म्हणून हे पत्र. लांब झालं तर माफ करा, काटछाट करायची तर करा पण घराचा भाग कापू नका.

आधी मी कोण ते सांगतो. मी औसा तालुक्यातला. १९९३ ला अकरा वर्षांचा होतो. अनंत चतुर्दशीची रात्र होती, गणपती बुडवून पोरं दमून आली होती, मी वडिलांजवळ अंगणात बाजेवरच झोपलो कारण आत जायचा पण कंटाळा आला होता. आज्जी आत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहिती आहे, मी परत लिहीत नाही. एवढंच सांगतो की आमच्या माळवदाचे, म्हणजे वर मातीचं सपाट छत असलेल्या घराचे, लाकडी खांब आणि तुळया बऱ्याचशा उभ्याच होत्या. पडली ती भिंत. दोन-अडीच फूट रुंद दगडाची भिंत, मातीत बांधलेली, वरून बघायला किल्ल्यासारखी, आणि आतून दोन पदर एकमेकांना कुठेच न बांधलेले, मधे नुसता कपच्यांचा भराव. ती दोन्हीकडे फुटली आणि माळवदावरची पांढरी माती, दरवर्षी पावसाळ्याआधी थर देऊन देऊन हात-दीड हात झालेली, ती सगळी खाली आली. आज्जीला बाहेर काढलं तेव्हा तिच्या अंगावर एक जखम नव्हती, नाकातोंडात नुसती ती माती. त्या वेळी आमच्या गावात दगडमातीचं माळवद म्हणजेच पक्कं घर होतं बरं का. गरिबाचं कुडाचं असायचं, ज्याची ऐपत त्याचं दगडाचं. आणि कुडाच्या झोपडीतली माणसं सकाळी जिवंत होती.

आता बुकोबा. व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिम काठावरचं गाव, कागेरा प्रांताचं मुख्य ठिकाण, वर युगांडाची सीमा जवळच. मी मासळीच्या धंद्यातल्या एका कंपनीत हिशेबाला आहे, मुख्य ऑफिस म्वांझाला, आणि २०१३ पासून चार वर्षं मला बुकोबाच्या डेपोवर टाकलं होतं. तिकडचा मोठा मासा म्हणजे सांगारा, त्याची खरेदी आणि बर्फाचा हिशेब हे माझं काम. हिरवंगार गाव, जिकडे बघाल तिकडे केळीच्या बागा, केळीतच कॉफीची झाडं आणि बागेच्या मधोमध घर. तिथले हाया लोक पाहुणा आला की हातावर उकडून वाळवलेल्या कॉफीच्या बिया ठेवतात, आपण सुपारी देतो तशा, चघळायला. काठावर वाळूत डागा नावाची बारीक मासळी वाळत घातलेली असते, तिचा वास सगळ्या गावाला. गावात जुन्या हिंदुस्थानी दुकानदारांच्या पेढ्या अजून उभ्या आहेत, बहुतेक गुजराती लोकांच्या, त्यातल्याच एका इमारतीत वरच्या मजल्यावर माझी खोली.

१० सप्टेंबर २०१६, शनिवार. गणपतीचेच दिवस. मी काठावरच्या चिकणमातीचा छोटा गणपती केला होता आणि दीड दिवसाने सरोवरातच विसर्जन केला होता, त्याला चार दिवस झाले होते. दुपारी ३ वाजून २७ मिनिटं. तिकडे घड्याळ सकाळी सहापासून मोजतात त्यामुळे बुकोबाचा कुणीही माणूस तुम्हाला 'नऊ वाजून सत्तावीस' असंच सांगेल. शनिवारचा अर्धा दिवस म्हणून मी डेपो बंद करून बाहेर ओट्यावर पावत्या लावत बसलो होतो. आधी आवाज आला, खालून, जडशा ट्रकचा येतो तसा. संपादक साहेब, तेवीस वर्षांनी तो आवाज परत कानावर आला आणि मी पावत्या सोडून उठून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो होतो, जमीन हलायच्या आधीच, माझे पाय मला न विचारता गेले. मग हललं. पत्र्याचा खडखडाट, लोकांच्या किंकाळ्या, समोरच्या दुकानाच्या कठड्याच्या विटा रस्त्यावर. शेजारी चहा-मांदाझी विकणारी मामा (तिकडे बाईला मानाने मामा म्हणतात, म्हणजे आई) गुडघ्यावर बसून देवाचं नाव घेत होती. मला वाटलं पाच मिनिटं हललं, असेल काही सेकंदच. भूकंपाला तिकडे तेतेमेको म्हणतात, ते दिवसभर प्रत्येकाच्या तोंडी होतं, तेतेमेको, तेतेमेको.

तीव्रता ५.९. केंद्र युगांडाच्या सीमेजवळ न्सुंगा नावाच्या गावाच्या बाजूला, आणि खोली सुमारे ४० किलोमीटर. आता आकडे बघा. किल्लारी ६.२ आणि अगदी उथळ. त्यामानाने बुकोबाचा भूकंप लहान आणि कितीतरी खोल. ४० किलोमीटर खालून येणारा धक्का वर येईपर्यंत बराच मवाळ होतो. तरी १९ च्या आसपास माणसं गेली, पहिल्या एक-दोन दिवसांतच अडीचशेच्या वर जखमी मोजले, ८०० हून जास्त घरं पडली आणि तडे गेलेली त्याहून जास्त, पुढे मोजदाद झाली तशी पडलेल्या घरांची संख्या दोन हजारांच्या वर गेली. इहुंगो आणि न्याकाटो या दोन मोठ्या मुलांच्या शाळा इतक्या खराब झाल्या की बंद करून मुलं दुसरीकडे हलवावी लागली. युगांडा, रवांडा, बुरुंडीपर्यंत लोक घराबाहेर पळाले. आणि हे दुपारी झालं, लोक बागेत, बाजारात, पोरं बाहेर खेळत होती. हेच पहाटे चारला झालं असतं तर, हा विचार मी त्या रात्री कितीदा केला.

दुसऱ्या दिवशी रविवारी आमच्या डेपोवरचा एक हमाल मला त्याच्या घरी घेऊन गेला, बोडाबोडावरून, म्हणजे भाड्याची मोटरसायकल. गावाबाहेर टेकडीवर केळीच्या बागेत घर. त्याने ते स्वतः चार वर्षं पैसे साठवून बांधलं होतं, मला त्याचा अभिमान माहिती होता कारण पगारातून उचल तो माझ्याकडेच मागायचा, कधी पत्र्याला, कधी दाराला. भाजलेल्या विटांचं घर, समोरून सिमेंटचा गिलावा, त्यावर निळा रंग, वर पत्रे. आपल्याकडे कुणीही बघितलं असतं तर पक्कंच म्हटलं असतं. आता त्याच्या दोन भिंती उभ्या होत्या, एक आतल्या बाजूला पडलेली, आणि चौथी सबंध अंगणात आडवी, जशीच्या तशी, दार उघडून खाली ठेवावं तशी. मी कोपऱ्यापाशी गेलो. दोन भिंती जिथे मिळतात तिथे वरपासून खालपर्यंत सरळ उभी फट, हात घालता येईल एवढी. विटा एकमेकींत गुंफलेल्याच नव्हत्या, एक भिंत आधी बांधली, मग दुसरी तिला आणून टेकवली, वरून गिलावा मारला. मी सहज एक वीट धरली तर ती हातातच आली, खालचा सांधा मातीचा, बोटाने चोळला तर भुकटी होऊन पायावर पडला. सिमेंट होतं ते फक्त बाहेरून, दिसायला. दारावर लाकडाची एक फळी टाकलेली, त्यावर विटा, बस्स. घराला कुठेही, म्हणजे कुठेही, चारी भिंतींना धरून ठेवणारी एक सुद्धा गोष्ट नव्हती.

त्याची आई त्या आत पडलेल्या भिंतीखाली गेली. ती दुपारी जरा आडवी झाली होती.

मी तिथे काय बोलणार. तिकडे दुःखात 'पोले साना' म्हणतात, ते म्हटलं. तो म्हणाला तुमच्या गावाला पण असं झालं होतं ना, मी कधीतरी त्याला सांगितलं होतं. मग बागेच्या कडेला त्याच्या काकाचं जुनं घर दाखवलं. हाया लोकांचं पारंपरिक घर, मुशोंगे म्हणतात, गोल, लाकडाच्या काटक्यांचा सांगाडा आणि वरपासून जमिनीपर्यंत गवताने शाकारलेलं, मोठ्या टोपलीसारखं. आता फार कमी उरलेत. त्यात म्हातारा काका एकटा राहायचा आणि पोरं त्याला म्हणायची पक्क्या घरात ये. भूकंपात ते घर डोललं आणि परत जागेवर बसलं. म्हातारा दारात बसून कॉफीच्या बिया चघळत होता आणि डोळ्यातून पाणी, भावजयीसाठी. मला आमची कुडाची झोपडी आठवली, आमच्या गावकुसाबाहेरची, जिच्यात सगळे वाचले होते.

माझं म्हणणं गवताच्या घरात राहा असं मुळीच नाही. आग आहे, वाळवी आहे, दरवर्षीचं शाकारणं आहे, आणि कुणालाही आपल्या पोराला विटांचं घर द्यावंसं वाटणारच, त्यात काय चुकीचं आहे? फक्त एवढंच की हलकं घर पडलं तरी माणूस सहसा मरत नाही, जड घर बांधायचं तर ते बांधून घ्यावं लागतं, बांधणं म्हणजे रचणं नाही तर दोरीने मोळी बांधतो तसं बांधणं.

आता तो तिकडचा भाग भूकंपाचा का, हे पण थोडं सांगतो कारण गावात लोक विचारतात. आफ्रिका खंड पूर्वेच्या बाजूला हळूहळू फाटतोय, वर्षाला काही मिलिमीटर, नखं वाढतात त्याहून पण हळू. त्या फाटण्याच्या दोन शाखा आहेत. पश्चिमेची शाखा म्हणजे सरोवरांची माळच आहे, वरून अल्बर्ट, एडवर्ड, किवू, टांगानिका, रुक्वा, आणि खाली मलावी. जमीन खचून लांबट खोल खड्डे झाले आणि त्यात पाणी साठलं. टांगानिका सरोवर ६७० किलोमीटर लांब आणि जवळजवळ १४७० मीटर खोल आहे, विचार करा. व्हिक्टोरिया दोन शाखांच्या मधल्या उंचवट्यावर, पसरट, ८० मीटरच्या आसपास खोल, म्हणून बुकोबाच्या लोकांना वाटायचं आपण भेगेपासून लांब आहोत. मधला तुकडा पण ताणाखाली असतोच, तिथे भूकंप क्वचित होतात एवढंच. किल्लारीला पण हेच ना? १९९३ च्या आधीच्या नकाशात आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. नकाशा नंतर बदलला, २००२ च्या नकाशात तो झोन तीन झाला. ज्याला आपल्याकडे भूकंप होत नाही असं वाटतं त्याचंच घर सगळ्यात ढिलं असतं.

त्या पट्ट्यातले बाकीचे भूकंप मी तिथे राहून वाचून काढले, कारण डोकं शांत बसेना. ५ डिसेंबर २००५ ला टांगानिका सरोवराखाली ६.८ चा झाला, बुकोबाच्या हिशेबाने वीसपट तरी जास्त ताकदीचा, नैरोबीपर्यंत जाणवला, काँगोच्या काठावरच्या कालेमी गावात घरं पडली, पण माणसं मोजकी गेली. आणि ३ फेब्रुवारी २००८ ला किवू सरोवरापाशी ५.९ चा झाला, बुकावू शहराच्या उत्तरेला, त्यात रवांडा आणि काँगो मिळून ४० च्या आसपास लोक गेले. रविवारची सकाळ, लोक प्रार्थनेला जमलेले आणि विटांचं चर्च अंगावर आलं. जास्त ताकदीच्यात कमी माणसं, कमी ताकदीच्यात जास्त. खोली, अंतर, वेळ हे सगळं असतंच पण शेवटी माणूस कुठल्या भिंतीखाली बसलाय यावर येऊन थांबतं. मलावी सरोवराच्या उत्तर टोकाला कारोंगाला २००९ च्या डिसेंबरात तर दोन आठवड्यांत एकामागून एक चार-पाच मोठे धक्के आले, शेवटचा १९ डिसेंबरचा ६.० चा. पहिल्या धक्क्यात भिंती खिळखिळ्या झाल्या आणि नंतरच्यात पडल्या. म्हणून तडा गेलेल्या घरात 'आता काय व्हायचं ते होऊन गेलं' म्हणून परत झोपायला जाऊ नये. बुकोबात पण लोक कितीतरी रात्री केळीच्या पानांवर आणि प्लास्टिकखाली बाहेर झोपले, पावसाचे दिवस तोंडावर आलेले, तरी आत जायची हिंमत होत नव्हती कारण छोटे धक्के येत होते.

एक गोष्ट तिकडच्या म्हाताऱ्यांनी मला विचारली होती, सरोवर बाहेर येईल का. ते विचारणारच, १९९६ ला एमव्ही बुकोबा नावाची बोट त्याच पाण्यात बुडून शेकडो लोक गेले, घरटी कुणी ना कुणी गेलेलं, पाण्याची भीती त्यांच्या मनातून जात नाही. मी त्यांना आपल्या कोयनेचं सांगितलं. तिकडची बरीच सरोवरं भेगेमुळे झाली, आपल्याकडे उलट, आधी धरण झालं, शिवाजीसागर भरलं आणि मग ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगर हललं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरण उभं राहिलं, घरं पडली. हे ऐकून एक म्हातारा म्हणाला, म्हणजे तुमच्या सरकारने भिंत नीट बांधली आणि लोकांनी नाही. मी यावर काहीच बोललो नाही, पण ते वाक्य अजून डोक्यात आहे.

मदतीचं पण सांगायला हवं कारण त्यातून आपल्याला शिकता येईल. पंतप्रधान कासिम माजालिवा लगेच आले, काइताबा स्टेडियममध्ये मृतांना निरोप दिला गेला, मी तिथे गर्दीत होतो. देशभरातून पैसे, पत्रे, सिमेंट, तांदूळ आला. आणि महिना व्हायच्या आत बातमी आली की मदतनिधीच्या खात्याच्या नावाचंच दुसरं बँक खातं उघडल्याच्या प्रकरणात अध्यक्ष मागुफुली यांनी प्रांतातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना काढून टाकलं. आमचा हमाल हे रेडिओवर ऐकत होता, त्याने रेडिओ बंद केला आणि पोती उचलायला गेला. पुढे जानेवारी २०१७ मध्ये अध्यक्ष स्वतः बुकोबाला आले आणि स्पष्ट सांगितलं की सरकार घरोघरी घरं बांधून देणार नाही, शाळा, दवाखाने, रस्ते करू, आपापलं घर आपण उभं करा. लोक फार नाराज झाले आणि मला पण वाईट वाटलं, आजही वाटतं, कारण आपल्याकडे किल्लारीनंतर ५२ गावं नव्याने वसवली गेली, जागतिक बँकेचं कर्ज घेऊन का होईना पण केलं, बाकीच्या गावांतल्या हजारो घरांच्या दुरुस्तीला मदत दिली. त्यात पण चुका झाल्या, ओळीतली घरं, गाव पसरलेलं, शेजार तुटला, म्हातारी माणसं जुन्या गावठाणाकडे बघत बसायची, हे सगळं मान्य. पण तेव्हा आपल्या मिस्त्र्यांना शिकवलं गेलं होतं. भिंतीतून आरपार जाणारे जोड दगड घाला, नसतील तर भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरा म्हणजे दोन्ही पदर शिवले जातील, माळवदावरची माती कमी करा, खांब आणि तुळईला तिरका टेकू द्या. आणि दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या घराला एक सलग काँक्रीटचा पट्टा, ज्याला मिस्त्री लिंटेल पट्टा म्हणतात. आय एस १३८२८ हे साध्या दगड-विटांच्या घरांसाठीचं मानक १९९३ सालचंच आहे, त्यात जोड दगड आणि पट्टा चित्रांसकट आहे. बुकोबात ज्याने त्याने आपापलं घर उभं केलं ते त्याच पडलेल्या विटा गोळा करून, त्याच मातीत, तसंच. कारण पैसे तेवढेच होते आणि सांगणारं कुणी नव्हतं.

आमच्या हमालाला मात्र मी सोडलं नाही. मी इंजिनियर नाही, पण आमच्या गावच्या दुरुस्तीच्या वेळी वडिलांच्या हाताखाली सळया धरून उभा राहिलो होतो, त्यामुळे पट्टा कसा असतो हे डोळ्यासमोर होतं, आणि म्वांझाच्या एका बांधकाम इंजिनियरकडून फोनवर समजून घेतलं. दोन खोल्याच बांधल्या. पाच ऐवजी दोन. पण कोपऱ्यात विटा एकाआड एक गुंफून, सांध्यात सिमेंट, कोपऱ्यात उभी सळई, आणि लिंटेलला सलग पट्टा, सळया कोपऱ्यावर कापायच्या नाहीत तर वळवून पुढच्या भिंतीत न्यायच्या, इथेच बहुतेक मिस्त्री चुकतात. पट्ट्याचं काँक्रीट भरताना त्याने आईच्या पितळी पेल्याने पाणी मारलं, रोज, दहा-बारा दिवस.

आणि आता मी गावी आलोय तर काय बघतो. आमच्या घरी पुतण्याचं वरच्या मजल्याचं काम चालू आहे. खालचं घर भूकंपानंतरचं, दुरुस्ती केलेलं, पट्टा असलेलं, त्याला काही झालेलं नाही. त्यावर हा चार इंची विटांच्या भिंती चढवतोय, पट्टा नाही, कोपरा नुसता टेकवलेला, वर पाण्याची हजार लिटरची टाकी ठेवायचा बेत. मी विचारलं पट्टा? मिस्त्री म्हणाला काका वरच्या मजल्याला कशाला, आणि ३८ हजार वाढतील. त्याच आठवड्यात पुतण्याने बाहेरच्या टाइल्स आणि गेटला त्याहून जास्त दिलेत. गावात फिरलो तर भूकंपाच्या घरांना जोडून जनावरांचा गोठा, दुकानाचा गाळा, देवघर, सगळीकडे सुटा दगड मातीत रचलेला, आणि समोरून छान गिलावा. मला ते बघून बुकोबाचा निळा रंग आठवला. मिस्त्री ३० वर्षांचा पण नसेल, त्याच्या जन्माआधीची गोष्ट, त्याला कोण शिकवणार. ज्यांना शिकवलं होतं ते म्हातारे झाले किंवा गेले.

कुणी म्हणेल आता कुठे भूकंप. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीत ४.५ चा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत लोक बाहेर पळाले, जुलैत परत तेवढाच. निलंगा तालुक्यात हासोरीला २०२२ मध्ये जमिनीतून आवाज येत होते म्हणून लोक बाहेर झोपत होते, हे तुमच्याच पेपरात आलं होतं. मी भीती घालत नाही, मोठा होईलच असं कुणी सांगू शकत नाही आणि मी तर नाहीच नाही. पण घर आपण ५० वर्षांसाठी बांधतो.

म्हणून तुम्हाला हात जोडून एक मागणं आहे. ३० सप्टेंबरचं पान काढता तसंच, दिवाळीनंतर जेव्हा गावोगाव बांधकामं सुरू होतात तेव्हा एक पान घराचं काढा. जोड दगड कसा असतो, पट्ट्याची सळई कोपऱ्यात कशी वळवायची, जुन्या घरावर नवा मजला चढवताना काय बघायचं, हे चित्र काढून, मिस्त्रीला समजेल अशा भाषेत, भिंतीवर चिकटवता येईल असं. कॉलेजातले इंजिनियर प्राध्यापक आनंदाने लिहून देतील, त्यांना विचारून तर बघा. १९९४-९५ च्या दुरुस्तीत शिकलेले मिस्त्री लातूर-धाराशिवमध्ये अजून काही जण आहेत, त्यांना शोधा, त्यांच्याकडून ऐकून छापा. आणि ग्रामपंचायतींनी घरकुलाचा शेवटचा हप्ता सोडताना पट्टा आहे का एवढं तरी बघावं, हे पण तुम्ही लिहा, तुमच्या लिहिण्याला वजन आहे.

आणि तिकडच्या सरोवरांच्या बाजूला भूकंप झाला की तुमच्या पेपरात चार ओळी येतात, 'जीवितहानी' आणि आकडा. कंपाला, किगाली, म्वांझा, दार-ए-सलाम, सगळीकडे आपली मराठी पोरं कामाला आहेत, त्यांच्या आया इथे तुमचा पेपर वाचतात. बुकोबाच्या वेळी माझ्या आईला टीव्हीवर फक्त 'टांझानियात भूकंप' एवढी पट्टी दिसली, माझा फोन रात्रीपर्यंत लागत नव्हता, ती तोपर्यंत अंगणात बसून होती, घरात गेलीच नाही. चार ओळींच्या आठ करा, गावाचं नाव तरी द्या.

पुतण्याचं काम मी सध्या थांबवलंय. त्याच्याशी दोन दिवस अबोला आहे, पण वहिनी माझ्या बाजूने आहेत, त्यांनी आज्जीला बघितलं नव्हतं तरी आज्जीचा फोटो रोज त्याच पुसतात. पट्ट्याचे पैसे मी देणार आहे, मिस्त्रीला सोमवारी सळया वळवून दाखवायला बोलावलंय, आणि गल्लीतल्या अजून दोघांचं बांधकाम चालू आहे त्यांना पण बघायला या म्हणून सांगितलंय.

आपला नम्र,
एक वाचक
ता. औसा, जि. लातूर (नोकरीनिमित्त मुक्काम म्वांझा, टांझानिया)